चौरंगावरचा डबा

“मग यात कमी काय आहे, भंते?”

रत्नदीप नरवाडे पुन्हा तेच विचारत होता. कॉलेजात शिकवणारा माणूस. घरबसल्या एम.ए. करता यावं म्हणून विद्यापीठानं सगळी आखणी त्याच्यावर सोपवलेली. ती घेऊन तो सकाळीच टेकडीवरच्या विहारात आला होता, भंते धम्मसारांकडे. लहानपणी त्यांनीच त्याला अक्षरओळख करून दिलेली. आल्या आल्या वंदन केलं, आईनं दिलेला डबा उघडून चौरंगावर मांडला आणि जो बोलायला लागला तो थांबेचना.

“प्रत्येक धड्याचा व्हिडिओ आहे. कंटाळा येऊ नये म्हणून छोटे छोटे तुकडे केलेत. खाली प्रश्न. चुकलं तर का चुकलं, तेही लगेच दिसतं. ज्याला जेव्हा सवड, तेव्हा त्यानं शिकावं.”

“छान केलंस.”

“नुसतं छान म्हणू नका.”

“मग काय म्हणू? तपासून घ्यायला आलास, का शाबासकी घ्यायला?”

रत्नदीप कसनुसं हसला. भंतेंनी भिक्षापात्र मांडीवर ओढून घेतलं. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

“कालिंदा नावाची एक मुलगी होती...”

“होती?”

“आहे. म्हणजे यादीत नाव आहे. आधी रविवारी समोर बसवून तास घ्यायचो, तेव्हा लेकरू मांडीवर घेऊन दाराशी बसायची. ते रडलं की बाहेर जायची, गप झालं की परत यायची. आणि म्हणायची, सर, मधलं राहिलं, परत सांगा.”

“सांगायचास?”

“वैतागायचो. पण सांगायचो.”

रत्नदीप पुढं बोलतच राहिला.

“आता तर तिला विचारायचीही गरज नाही. पाहिजे तितक्या वेळा मागं नेऊन बघावं. तिच्यासारख्यांसाठीच केलं हो हे सगळं. अन् तीच येईना झाली. परीक्षेचा अर्ज भरला नाही. या महिन्यात नाव कमी होईल तिचं.”

“बोललास तिच्याशी?”

“सूचना जातात ना मोबाइलवर. आपोआप.”

“हं...”

रत्नदीपचा आवाज खाली आला. “व्हिडिओ करताना मी मधेच थांबतो, भंते. वाटतं, आता दाराशी कुणीतरी म्हणेल, सर, परत सांगा... कुणी म्हणत नाही. मग तेवढी शांतता कापून टाकतो.”

दारातून आत आलेलं ऊन सरकत सरकत उंबऱ्याबाहेर गेलं होतं.

भंतेंनी मांडीवरचं पात्र उचललं, पालथं केलं आणि बाजूला ठेवलं.

रत्नदीप चपापला. त्यानं चौरंगाकडे बघितलं. भाकरीच्या कडा वाळून वर आल्या होत्या. वरणावर पापुद्रा धरला होता.

“तुम्ही जेवला नाहीत?”

“बारा वाजून गेले.”

मध्यान्ह टळली की भिक्षू दुसऱ्या सकाळपर्यंत जेवत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“पण डबा केव्हाचा तुमच्या समोर आहे. मी सगळं मांडून ठेवलं होतं.”

“मांडलं होतंस.”

मग त्याला आई आठवली. भिक्षू आपल्या हातानं अन्न उचलून घेत नाही, कुणीतरी त्याला द्यावं लागतं. आई वाकून, दोन्ही हातांनी घास घास पात्रात वाढायची, आणि पुरे म्हणतात का म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

रत्नदीपचा चेहरा उतरला.

“एक शब्द बोलायचा होता, भंते. मागायचं होतं.”

“आम्ही मागत नाही.”

त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलला. उचलला तसाच धरून उभा राहिला. ना पुढं करता येईना, ना खाली ठेववेना.

“आता काय करू?”

भंतेंनी त्याच्या हातांकडे बघितलं.

“उद्या ये,” ते म्हणाले. “भूक आहे अजून.”