कुसुंबाच्या पानाचा नग

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. जेवायला बसला की आधी घास चाखणारा चाखायचा, मग त्या चाखणाऱ्यावर नजर ठेवणारा चाखायचा, मग मांजर चाखायची. तोवर भाताचा निवून गोळा व्हायचा. नाव त्याचं सोमकेतू. शेजारचा प्रत्येक राजा आपल्यावर चालून येणार असं त्याच्या मनाने घेतलेलं. म्हणून राज्यातले निम्मे पुरुष सरहद्दीवर भाले घेऊन उभे, आणि समोर बघावं तर नुसतं गवत डुलतंय. यथा राजा तथा प्रजा. शेजारीण विरजण मागायला आली, तरी बायका आधी तिची वाटी उलटी करून पाहायच्या.

त्या राज्यात रानाच्या कडेला दोन जावांचं दागिन्यांचं दुकान होतं. थोरली दुर्पदा, धाकटी भिवरा. दोघींचे नवरे सरहद्दीवर. सासूने दोघींना कसब शिकवलं, सासू गेल्यावर दोघींनी ते चालवलं. दुकान कसलं, ओसरीच ती! पण माल असा, की चार गावं ओलांडून बायका यायच्या.

कसब असं. दुर्पदा रानातून पान आणी, फूल आणी, कधी शेंग, कधी टोळाचा गळलेला पंख. ते ओल्या मातीत लिंपायचं आणि गोळा भट्टीत भाजायचा. आतलं पान जळून जातं, त्याची पोकळी राहते, शिरांसकट. त्या पोकळीत वितळलेलं सोनं ओतायचं. निवलं की साचा फोडायचा. आतून तेच पान सोन्याचं होऊन निघतं. साचा फुटला तो फुटला. तसं पान पुन्हा होणे नाही. म्हणून राणीने मागितली तरी हुबेहूब जोडी मिळत नसे. एका कानात एक पान, दुसऱ्या कानात त्याचं भावंड, घ्यायचं तर घ्या!

दुर्पदा ओती, भिवरा घासून उजळी आणि विकी. भिवरेची जीभ अशी गोड, की बघायला आलेली बाई घेऊनच जायची. दुर्पदा मात्र तोंडातून शब्द काढायची तो सुद्धा तोलून.

आता एक गोष्ट भिवरेच्या ध्यानात आली. नवी घडण निघाली, की तिचा पहिला नग दुसऱ्या दिवशी पेटीत नसतो. बकुळीच्या फुलांचे डूल घडले, त्यातला पहिला नाही. चिंचेच्या पाल्याचं पैंजण घडलं, पहिलं नाही. भिवरेच्या मनात पाल चुकचुकली. घरात माणसं दोन. आपण घेतला नाही. मग उरलं कोण?

अगं, विचारावं ना सरळ! जाऊच ती, काही वाघीण नव्हे. पण नाही. भिवरेने पेटीला कुलूप आणलं, किल्ली कंबरेला लावली, आणि साचा फुटला रे फुटला की नग स्वतः उचलून पेटीत टाकायला लागली. दुर्पदाने ते कुलूप पाहिलं. काही म्हणावंसं वाटलं तिला, ओठ हलले सुद्धा. मग ती भट्टी फुंकू लागली.

थोड्याच दिवसांत राज्यात ओरड सुरू झाली. जावांच्या दुकानातला दागिना डबीत ठेवावा, आणि सकाळी उघडावी तर आत पाचोळा! सोन्याचं नाव नाही. लग्नातल्या नवरीच्या गळ्यातून भर मांडवात वाळकी पानं गळली. बायका दुकानापुढे येऊन बोटं मोडू लागल्या.

आणि व्हायचं तेच झालं. परदेशचा राजा पंगतीला बसलेला, राणी वाढायला वाकली, आणि तिच्या कानातलं पान वाळून त्याच्या श्रीखंडात पडलं. पाहुणा खो खो हसला. सोमकेतू राजाच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने दोघी जावांना दरबारात उभं केलं.

"सोनं कुणी खाल्लं?"

भिवरेने दुर्पदेकडे पाहिलं. मनात साठलेलं सगळं तोंडाशी आलं. "महाराज, मला काही ठाऊक नाही. पण आमच्या पेटीतून नग जात होते. आणि घरात आम्ही दोघीच."

"थोरले, तुला काय सांगायचं आहे?"

"काही नाही, महाराज."

"म्हणजे चोर तूच. पौर्णिमेला हिला काळडोहात सोडा. तोवर कोठडीत."

काळडोह म्हणजे असा डोह, की त्यात टाकलेला दगड अजून तळाला पोचलेला नाही. दुर्पदेला नेलं. जाताना तिने मागे वळून एवढंच म्हटलं, "भिवरे, भट्टी विझू देऊ नकोस."

भिवरा घरी आली. म्हणाली, गेली ब्याद. स्वतः माती मळली, स्वतः ओतलं, स्वतः घासलं, पेटी उशाशी घेऊन निजली. सकाळी पेटी उघडली. पाचोळा.

चोर कोठडीत आहे, मग चोरी कशी चालू? आपण एका निर्दोष बाईला डोहात ढकलायला निघालो की काय?

वळचणीला एक साळुंकी बसली होती. त्या राज्यात बोलती साळुंकी हे काही नवल नव्हतं. नवल एवढंच, की ही खरं बोलायची. ती म्हणाली, "डोंगरापलीकडे कालंभट मांत्रिक आहे. त्याला विचार."

भिवरेने डोळे बारीक केले. "तुला कुणी पाठवलं? यात तुझा काय लाभ?"

"तुमची भट्टी पेटली की वळचणीला ऊब येते. माझी पिल्लं आहेत इथे."

भिवरा डोंगर चढली. कालंभट गुहेच्या तोंडाशी बसला होता. त्याची सावली त्याच्यापासून हातभर दूर बसून विडा कुटत होती. त्याने भिवरेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तीन वस्तू मिळव. नागाच्या वारुळातलं सोनं. मगरीच्या पाठीवरची माती. आणि तुझ्या परसामागच्या कुसुंबाचं पान."

"कुसुंब तर घरामागेच आहे! तेच आधी आणते."

"ते शेवटी. आणि ऐक, मागताना संशय घेऊ नकोस. घेतलास तर वस्तू मिळेल, पण दंड पडेल."

भिवरा मनात म्हणाली, हा बाबा मला नागाच्या तोंडी देऊन आमचं दुकान बळकावणार. पण पौर्णिमा जवळ येत होती, म्हणून गेली.

वारुळावर म्हातारा नाग ऊन खात बसला होता. म्हणाला, "हात घाल, बाई. मी डसणार नाही." भिवरेने हात घालण्याआधी आत काठी घातली, ढवळून पाहिलं.

"काठीला सोनं कशाला हवं?" नाग म्हणाला.

ती वरमली. हात घातला, सोन्याचा गोळा हाती आला, आणि बाहेर काढते तो तिचे सगळे केस पांढरेफटक झाले.

नदीच्या मधोमध मगर पडली होती. तिच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्यांची माती साचलेली, लोण्यासारखी मऊ. "बैस पाठीवर आणि खरवड," मगर म्हणाली. भिवरा बसली, खरवडलं. पण दुधाने पोळलेलं माणूस ताक फुंकतं! मध्येच तिने विचारलं, "बुडवणार नाहीस ना?"

मगरीने एकच बुडी मारली. भिवरा नाकातोंडात पाणी जाऊन काठाला लागली. माती मुठीत होती, पण गळ्यातून शब्द निघाला तो घोगरा, कावळ्याने दचकावं असा. ज्या जिभेवर दुकान चाललं, तीच गेली.

रडत, ठेचाळत ती भर दुपारी परसामागे आली. कुसुंबाला नवी तांबूस पालवी फुटली होती. पान घ्यायला तिने वर पाहिलं, आणि तशीच उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! फांदीफांदीला दागिने लटकत होते. बकुळीचा डूल. चिंचेच्या पाल्याचं पैंजण. टोळाच्या पंखाची नथ. सासूच्या काळातले सुद्धा, वाऱ्याने झिजलेले. प्रत्येक घडणीचा पहिला नग.

कुसुंब बोलला. "या रानात मी सर्वांत थोरला. पहिलं पान उचलण्याआधी तुझी सासू मला विचारायला आली. म्हणाली, रानावरून जे घडवू, त्याचा पहिला नग तुझा. आणि दिलेलं बोलून दाखवणार नाही. या हाताचं त्या हाताला कळणार नाही. मरताना तिने तो शब्द दुर्पदेच्या ओंजळीत टाकला. मग नग यायचे थांबले. मी माझी पानं परत घेतली."

"मग दरबारात सांगितलं का नाही तिने? जीव जायची वेळ आली होती!"

"सांगितलं असतं तर शब्द मोडला असता. मग तुझ्या हातचं सोनं जन्मभर पाचोळाच झालं असतं."

भिवरा त्या घोगऱ्या गळ्याने मोठमोठ्याने रडली. लाज वाटली तिला, इतकी, की झाडाकडे मान वर करवेना. माझं दुकान राहावं म्हणून ती गप्प राहिली, आणि मी कुलूप लावलं!

"यातून सुटका आहे का, बाबा?"

"माझं पान आजवर साच्यात गेलेलं नाही. ते घे, आणि त्याचा नग घडव. साचा तू उघड्या हातांनी धरायचा, डोळे मिटून. ओतणारे हात तिचे, जिच्यावर आळ घेतलास. डोळे उघडलेस तर संपलं."

एक तांबूस पान आपसूक तिच्या ओंजळीत पडलं.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. दुर्पदेला काळडोहाकडे न्यायला शिपाई निघाले, तोच पांढऱ्या केसांची भिवरा भाजलेला साचा घेऊन दरबारात शिरली. राणी म्हणाली, ही कोण म्हातारी?

"महाराज, माझी जाऊ चोर नाही. मी खोटा आळ घेतला."

"पुरावा?"

"माझे हात." आणि तिने काय करायचं ते सांगितलं: साचा ती धरणार, सोनं दुर्पदा ओतणार, आणि नग नीट निघाला की राज्यातल्या पाचोळ्याचं पुन्हा सोनं होणार.

राजाने दाढी खाजवली. "यात काहीतरी काळंबेरं आहे. ओतायच्या निमित्ताने पळून जायचा डाव असेल." त्याने चौकाच्या दारादाराला पहारा बसवला. "एक थेंब जरी सांडला, तर दोघींनाही डोह."

चौकात भट्टी पेटली. दुर्पदेला आणलं. कोठडीत राहून ती वाळली होती. तिने भिवरेचे केस पाहिले, सवयीने पदर खोचला आणि मूस उचलायचा चिमटा हाती घेतला. नागाचं सोनं मातीच्या मुशीत वितळून पातळ झालं.

भिवरा गुडघे टेकून बसली. साचा दोन्ही तळव्यांत धरला. वरचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. ओतणारीचा हात केसभर हलला, तर ते सोनं सरळ मनगटावर, आणि मग ते हात पुन्हा कधी काही घडवायचे नाहीत. तिने डोळे मिटले.

आता तुम्हीच सांगा! तुम्हाला कुणी चोर म्हटलं असतं, घरच्या माणसाने, भर दरबारात. अंधारात डांबलं असतं. आणि आज तिचेच हात तुमच्यापुढे उघडे असते. तुमचा हात सरळ राहिला असता? मला विचारू नका. मी माझ्या हाताची हमी देत नाही.

भिवरेला मुशीची धग आधी कपाळावर लागली, मग गालावर. पावलं थांबली. काही होईना. ओतत का नाही ही? कुठे नेम धरतेय? पापण्या उघडायला आल्या. तिने त्या गच्च दाबल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"हात थरथरतायत तुझे," दुर्पदेचा आवाज आला. "नीट धर."

"धरले, जाऊबाई. ओता."

सोनं सुर्र करत साच्यात उतरलं. तळवे भाजले, पण तिने साचा सोडला नाही. शेवटी सारं थांबलं. राजा स्वतः वाकून फरशी पाहून आला. एक थेंब सांडला नव्हता.

साचा फोडला. कुसुंबाचं पान, शिरांसकट, तांबूस सोन्याचं. दोघी जावांनी ते मिरवत नेलं नाही. पदराखाली झाकून नेलं, आणि झाडाच्या सर्वांत खालच्या फांदीला बांधलं. त्याच घटकेला राज्यातल्या डब्याडब्यांत पाचोळ्याचं पुन्हा सोनं झालं. ज्यांनी तो रागाने उकिरड्यात फेकला होता, त्या बायका पदर खोचून उकिरडे उपसू लागल्या. राणीच्या कानात पान परत लकाकलं. भिवरेचा गळा मोकळा झाला. केस मात्र पांढरे ते पांढरेच राहिले. राजाचा स्वभाव काही एका दिवसात पालटला नाही, पण त्याने दुर्पदेपुढे मान लववली, आणि सरहद्दीवरचे पुरुष पेरणीपुरते तरी घरी सोडले. शाप सुटला, राज्याची घडी बसली.

इथे ही कहाणी आटोपती घेता आली असती. पण जावांचं अजून एक बोलणं व्हायचं होतं. संध्याकाळी ओसरीवर दुर्पदा भिवरेच्या तळव्यांना लोणी लावत होती. भिवरेला राहवेना.

"जाऊबाई, ओतण्याआधी तुम्ही थांबलात. एकदा तरी मनात आलं का, की हात हलावा?"

दुर्पदेने लोण्याची वाटी खाली ठेवली.

"आलं," ती म्हणाली. "म्हणून तर चिमटा दोन्ही हातांनी धरला."