विदूचं पान

"...पण हा भित्रा माझ्यातून जायचा कधी, बुवा?"

"मान हलवू नकोस," आबाबुवा म्हणाले. ते विद्याधराच्या डोक्याला फेटा बांधत होते.

नृसिंहजयंतीचा दिवस. देवळातलं हे कीर्तन वर्षानुवर्षं बुवांचं. यंदा मात्र त्यांनी ते शिष्याच्या हवाली केलं होतं. उन्हं उतरायला लागली होती. बरोबर सूर्य बुडताना खांबातून देव प्रकटायचा, म्हणजे कथा तिथवर अचूक आणून पोचवायची. सभामंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आणि पहिल्या ओळीत, ऐन मध्यावर, विद्याधराचे वडील, भाऊ, येऊन बसले होते. ताठ. मांडीवर काठी आडवी.

विद्याधराला तसं काय कमी होतं? गळा गोड, पाठांतर चोख, संस्कृत घेऊन एम.ए. झालेला. आजूबाजूच्या गावचे बुवा आपल्यापुढं काय गाणार, असं तो मनात म्हणायचा, आणि कधीकधी जनातही. फक्त समोर माणसं बसली की कुणीतरी आतून गळा आवळायचं. बस्स, एवढंच.

"काय काय केलंस त्याला घालवायला?" बुवांनी विचारलं.

"काय नाही केलं ते विचारा! पहाटे नदीच्या गार पाण्यात उभा राहिलो. उपास काढले. आरशासमोर त्याला शिव्या घातल्या. डोंगरावर जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडलो. मरतच नाही मेला! पुन्हा आपला दारात उभा."

"नदी... उपास... डोंगर..." बुवा पुटपुटले. "आज आख्यान कोणतं?"

"प्रल्हादाचं. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"हं."

फेटा झाला. बुवांनी खुंटीवरचं उपरणं काढलं. कीर्तनकाराचं सगळं नाटक या एका उपरण्यावर चालतं. डोक्यावरून घेतलं की प्रल्हादाची आई कयाधू. कमरेला आवळलं की राजा हिरण्यकशिपू. खांद्यावर सोडलं की पुन्हा आपले बुवा.

बुवांनी ते विद्याधराच्या फेट्यावरून पदरासारखं घेतलं.

"आता तू बोलू नकोस. त्या भित्र्याला बोलू दे. काय रे, नाव काय तुझं?"

"बुवा, लोक खोळंबलेत! हा काय खेळ..."

"मी तुला नाही विचारलं."

"विदू," विद्याधर म्हणाला. आवाज बारीक निघाला, त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"केवढा आहेस?"

"सात वर्षांचा."

"इथं काय करतोस?"

"राखण."

"कसली राखण?"

"मी शाळेत स्तोत्र म्हणत होतो. मध्येच विसरलो. भाऊ पहिल्या ओळीत होते. ते उठले... आणि निघून गेले. सगळ्यांदेखत. म्हणून मी याचा गळा धरून ठेवतो. बोललाच नाही, तर चुकणार कसा? चुकला नाही, तर भाऊ उठणार कसे?"

"वा! चोख काम," बुवा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. "आणि हा तुला काय देतो त्याबद्दल?"

"मारतो."

बुवांनी झटकन उपरणं ओढलं आणि विद्याधराच्या कमरेला करकचून आवळलं.

"आता जो मारतो तो बोलू दे."

याला मात्र वेळ लागला नाही. विद्याधरानं छाती काढली. "हा कार्टा मेलाच पाहिजे! माझ्या घरात राहून माझंच नाव बुडवतो!"

खोली दणाणली. भिंतीपलीकडं पेटीवाले नानू सूर लावत बसले होते. त्यांना वाटलं, हिरण्यकशिपूचा प्रवेश घोळवतायत. त्यांनी मोठ्या तत्परतेनं त्या पदाचा सूर धरला आणि ओरडून विचारलं, "इथूनच घ्यायचं का, बुवा?"

विद्याधर जागच्या जागी थिजला.

मग त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "बुवा... मी राजा झालोय की!"

बुवांनी कमरेची गाठ सोडली. उपरणं त्याच्या खांद्यावर नीट घातलं. निरी जुळवली.

"आता?"

विद्याधर उभा राहिला. "दोघंही दिसतात, बुवा! दोघंही! इतके दिवस मी कधी हा, तर कधी तो. आता दोघं पुढ्यात उभे आहेत!"

"मग मला काय सांगतोस? त्यांच्याशी बोल."

विद्याधरानं डोळे मिटले. राजाला तो म्हणाला, "तुम्ही जरा बसून घ्या." मग खाली वाकल्यासारखा झाला. "विदू, भाऊ उठून गेले तर जाऊ देत. मी नाही जाणार."

बाहेर झांज वाजली.

पूर्वरंगाचं निरूपण त्यानं निभावलं. आख्यान सुरू झालं. नदी झाली, डोंगर झाला, राजा गरजला. आता कयाधूच्या हातात विषाचा पेला आला. स्वतःच्या लेकराला पाजायचा.

हीच ती जागा. तालमीतसुद्धा विद्याधर ही जागा नेहमी घाईघाईनं उरकून टाकायचा. आज नेमका इथंच विदूनं गळा धरला.

नानूंनी पेटीवरून मान वर केली. काठीवर भाऊंची बोटं घट्ट झाली.

विद्याधरानं हळूच उपरणं डोक्यावरून घेतलं.

"बाळा..." आवाज कापत होता. त्यानं कापू दिला. "बाळा, हे घे... नको, घेऊ नकोस... राजा बघतोय रे, घे... नको ना!"

बायकांच्या बाजूनं हुंदका आला. मग दुसरा.

आणि भाऊ उठले.

विद्याधरानं ते पाहिलं. ते माणसांतून वाट काढत निघाले. विदूनं आत टाहो फोडला. पदराखाली विद्याधरानं एका हातानं आपलाच दुसरा हात धरला, आणि कयाधू बोलतच राहिली. थरथरत, अडखळत, पण एकही अक्षर न गाळता.

पदर खांद्यावर आला. उपरणं कमरेला आवळलं गेलं. "कुठाय तुझा देव? या खांबात आहे?" लाथ बसली. त्याच क्षणी पश्चिमेचा डोंगर लाल झाला, घंटा घणघणली, गुलाल उडाला, अख्खा मंडप उभा राहून गजर करू लागला.

गर्दीतून विद्याधर बाहेर आला तेव्हा भाऊ पायरीवर पाठमोरे बसले होते. कुणीतरी दिलेला पन्ह्याचा पेला हातात तसाच भरलेला. विद्याधर क्षणभर त्यांच्या मागं उभा राहिला. भाऊंनी वळून न बघता डोळे पुसले आणि पायरीवर थोडं सरकून जागा केली.

"आलोच, भाऊ," तो म्हणाला आणि धावत सुटला. धोतराचा सोगा हातात, फेटा तिरपा, तोंडभर गुलाल.

ओवरीत पंगत मांडली होती. बुवा पाटावर बसलेले.

"बुवा! भाऊ उठले, तरी कथा तुटली नाही! माझा आवाज कापला, आणि लोक रडले! बुवा, गेला! तो भित्रा कायमचा गेला!"

"गेला?"

बुवांचा चेहरा पडला. त्यांच्या शेजारी एक पाट रिकामा होता. पुढं पत्रावळ, तिच्यावर डाळ, कोशिंबीर, गोड शिरा, सगळं वाढून तयार.

"मग उभा काय राहिलास? जा, शोधून आण त्याला. त्याचं पान वाढलंय."