सात दुधी आणि एक सांगड

फार फार वर्षांपूर्वीची, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि आरशासमोर उगाच रेंगाळणाऱ्या मोठ्यांनीही ऐकावी.

एका नदीकाठी येसू नावाची तरुण बाई राहत असे. माणसांना पैलतीरी पोहोचवणं हे तिचं काम. तिच्याकडे होडी नव्हती, सांगड होती. बारा मोठे वाळलेले, आतून पोकळ भोपळे जाळीत बांधायचे, वर बांबूची ताटी टाकायची, की झाली सांगड. एका खेपेला येसू आणि दोन उतारू. आईच्या मागे घाट तिच्याकडे आला होता. झोपडीच्या छपरावर दुधीचा वेल होता आणि त्यावर सात दुधी धरले होते. ते तोडायचे नसत. वेलावरच जून होऊन वाळले, की सांगडीला नवे भोपळे मिळत.

येसू हाताची चपळ, पण मनाची भित्री. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. कुणी काही बोललं, की ते शब्द चार दिवस तिच्या डोक्यात घोळायचे.

त्या वर्षी सांगड पाण्यात खोल बसू लागली. कोपऱ्यातल्या बांबूला बांधलेली लाल चिंधी एरवी पाण्याच्या वर वीतभर फडफडायची, ती भिजू लागली. उतारूंचे पाय ओले होऊ लागले.

"येसू, नदीतले मासे तू एकटीच संपवतेस वाटतं," एक जण म्हणाला.

"तर काय," बाजाराला निघालेली एक बाई म्हणाली. "उतारू रोज बदलतात. सांगडीवर रोज असते ती हीच."

सगळे हसले. येसूही हसली. पण घरी गेल्यावर तिने आपला दंड चिमटीत धरून पाहिला. आई रोज सकाळी बाराही भोपळे वाजवून मगच सांगड पाण्यात लोटायची. येसूही आधी तसंच करायची, पण अलीकडे घाईत ते राहून जाई. त्या दिवसापासून तर तिची सकाळ स्वतःचं पोट निरखण्यातच जाऊ लागली.

एक दिवस गावचे पाटील घाटावर आले.

"हे बघ पोरी, पौर्णिमेपर्यंत सांगड वर आली नाही, तर घाट दुसऱ्याला द्यावा लागेल. उद्या कुणी बुडालं तर जबाब मला द्यायचाय."

येसूने वळून झोपडीकडे पाहिलं. घाट गेला तर तिच्याजवळ उरत काय होतं? छप्पर आणि एक शेळी.

त्याच आठवड्यात एक रसवाला नदी उतरायला आला. चेहरा तुकतुकीत, पाठीवर पोतं. येसूचा उतरलेला चेहरा त्याने बरोबर हेरला.

"ताई, शरीरात वर्षानुवर्षांचा मळ साचतो. वजन असतं ते त्याचं. सात दिवस अन्न बंद कर. रोज एका कोवळ्या दुधीचा रस, त्यात हे माझं हिरवं चूर्ण. मळ धुऊन निघेल, पिसासारखी होशील."

"तुम्ही घेता?"

"मला काय गरज? मी शुद्धच आहे," रसवाला ढेकर देत म्हणाला.

चूर्णाच्या बदल्यात त्याने तिच्या घरातली ज्वारी मागून घेतली. "नाहीतरी सात दिवस तुला लागायची नाही," असंही वर समजावलं.

आता कोवळा दुधी आणायचा कुठून? येसूने छपराकडे पाहिलं. मन कचरलं. पण घाटच राहिला नाही, तर नवे भोपळे बांधायचे कशाला, असं म्हणून तिने पहिला दुधी तोडला. किसला, पिळला, रस प्यायली आणि चोथा शेळीपुढे टाकला.

पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरले. तिसऱ्या दिवशी लाल चिंधी बोटभर वर आलेली दिसली. येसूला इतका आनंद झाला, की भुकेचाही विसर पडला. पण पाचव्या दिवशी चिंधी पुन्हा पाण्यात गेली.

'मळ चिवट दिसतो,' येसू मनाशी म्हणाली आणि त्या दिवशी तिने रसही अर्धाच घेतला.

सहाव्या दिवशी रस पिऊन ती घाटावर आली, तो गावची सुईण गाठोडं घेऊन उभी. येसूचा जन्मही तिच्याच हातचा.

"चल गं लवकर. पलीकडे बाई अडलीय."

सांगड मध्यावर आली आणि येसूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातला बांबू निसटला. ताटीचा एक कोपरा पाण्याखाली गेला आणि सांगड भोवऱ्याकडे वाहू लागली. म्हाताऱ्या सुईणीने वाहता बांबू पकडला, गुडघे टेकले आणि रेटत रेटत सांगड कशीबशी किनाऱ्याला लावली.

मग गाठोड्यातली भाकरी काढून येसूच्या हातावर ठेवली.

"नको मावशी. सात दिवस पुरे व्हायचेत. मळ…"

"आधी खा. मळाचं मी आल्यावर बघते," म्हणत मावशी लगबगीने निघून गेली.

दुपारी परतली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता बोल."

येसूने रडत रडत सगळं सांगितलं.

"नदीला कोण आंघोळ घालतं गं?" मावशीने विचारलं. "ती वाहते, म्हणून स्वच्छ असते. शरीराचंही तसंच. घाम येतो, लघवी होते, ते उगाच का? आत रात्रंदिवस झाडलोट चालू असते. तू झाडणाऱ्यालाच उपाशी ठेवलंस."

"पण तिसऱ्या दिवशी सांगड वर आली होती, मावशी."

"आली असेल. उपाशी अंग आधी पाणी टाकतं. खाल्लंस की ते परत येणार. दुधी काही वाईट नाही. डाळ घालून भाजी कर, भाकरीशी खा. तू नुसतं पाणी प्यायलीस, आणि चोथा खाऊन तुझी शेळी बघ कशी गुटगुटीत झालीय."

"मग सांगड बुडते कशाने?"

"ते आता हिलाच विचारू." मावशीने पदर खोचला आणि पोट तपासावं तशी एकेका भोपळ्यावर टिचकी मारू लागली. टण. टण. टण. नववा मात्र वाजला थप. अकरावाही थप.

येसूने ते दोन्ही सोडवून वर काढले. बुडाची साल कुजून मऊ झाली होती. आतून भळभळा पाणी वाहिलं. इतके दिवस पाणी भोपळ्यांत भरत होतं, आणि ती पिळत होती स्वतःला.

पौर्णिमेला पाटील आले. दहा भोपळ्यांची सांगड एकाच उतारूला घेऊन पाण्यावर तरंगत होती, चिंधी वीतभर वर, कोरडी. घाट येसूकडेच राहिला. पण कुजलेल्या दोन भोपळ्यांच्या जागी लावायला काहीच नव्हतं. वेलावर उरला होता एकच दुधी. तो जून होऊन वाळेपर्यंत खेपेला दोनाऐवजी एकच उतारू, आणि कामाच्या खेपा दुप्पट. येसू रोज सकाळी भोपळे वाजवायची, दुपारी काठावर बसून भाजी-भाकरी खायची. दंड आता ती चिमटीत धरत नसे. बांबू रेटून रेटून ते चांगले घट्ट झाले होते.

काही दिवसांनी रसवाला परत आला. गावोगावची ज्वारी भरून त्याचं पोतं टम्म फुगलं होतं.

"काय ताई, झालीस ना हलकी?"

"मी नाही. सांगड झाली," येसू म्हणाली. "तुमच्या औषधापायी सहा भोपळे गेले, त्यामुळे एका खेपेला एकच वजन नेते. आधी तुम्ही येता, की पोतं पाठवता?"

रसवाल्याने पोत्याकडे पाहिलं, मग पैलतीराकडे पाहिलं. पोतं एकटं सोडायचा धीर होईना; दिवस मावळेपर्यंत तो त्यावरच बसून होता. येसू मात्र तेवढ्या वेळात बारा जणांना पलीकडे सोडून आली.

तात्पर्य: शरीर आपली झाडलोट आपणच करतं; त्याला रसाने धुवायला जाऊ नये, चौरस खाऊन त्याच्या हातात झाडू टिकू द्यावा.