टोकवाडीचं गोडं पाणी

एका खाडीच्या काठी पाच गावं होती. त्यांत सर्वांत मोठं मोरखोल आणि सर्वांत धाकटी टोकवाडी, अवघ्या अकरा घरांची. मोरखोलला चुनाभट्ट्या होत्या. त्यांत शिंपले भाजायचे, आणि सरपण खाडीतल्या तिवराच्या झाडांचं. चुलीसाठी तिवर पाचही गावं तोडत, पण भट्ट्यांची भूक मोठी. पाहता पाहता तिवरांचं रान विरळ झालं. त्यातून समुद्रही वर्षागणिक चढत होता. उधाणाचा जोर अडवायला मध्ये काही उरलं नाही.

मग प्रत्येक गावाने आपापला बांध उंच केला. मोरखोलने तर दगडी बांधला. त्याला थडकून पाणी शेजारच्या गावात शिरे. शेजारचे आपला बांध चढवत, आणि पाणी त्याच्या पुढच्या गावाकडे वळे. हे सगळं शहाणपण टोकवाडीपाशी येऊन संपे, कारण टोकवाडीच्या पुढे गावच नव्हतं.

दरवर्षी पाच गावांचे पुढारी जमत. पण दगड मोरखोलचा, होड्या मोरखोलच्या. त्यामुळे तिथले गोमाजी पाटील बोलतील तेच ठरे. "ज्याने त्याने आपला बांध सांभाळावा," असं ते म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या अंगणात पाणी येत नव्हतं, इतकंच.

टोकवाडीत गोड्या पाण्याची एक विहीर होती. खाडीकाठचा रिवाज असा, की पाचांपैकी कुठल्याही गावात मूल जन्मलं, तर त्याची पहिली आंघोळ त्या विहिरीच्या पाण्याने व्हायची. ते पाणी घेऊन टोकवाडीची हिरू सुईण येई. निम्म्या खाडीला तिनेच जगात आणलं होतं, त्यामुळे ती कुणाला भीत नसे.

एकदा पाटलांच्या सुनेला मुलगी झाली. हिरू हंडा घेऊन आली, पण तो बाळंतिणीच्या खोलीत न नेता तिने पाटलांपुढे ठेवला.

"चाखा," ती म्हणाली.

पाटलांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. पाणी खारट होतं.

"औंदाच्या उधाणात आमचे विहिरीत खारं पानी शिरलं," हिरू म्हणाली. "आता प्यायला थेंब नाय. गाव उठल आमचा."

पाटलांना मनापासून वाईट वाटलं. "हिरूबाई, आमच्या विहिरीवरून लागेल तेवढं न्या. कुणी अडवणार नाही."

"नुसतं पानी नको, पाटील. ठरवताना आमाला इचारा. बुडायचं आमी आनि ठरवायचं तुमी, यो कुठला न्याय?"

नातीची पहिली आंघोळ त्या दिवशी मोरखोलच्या पाण्याने झाली, आणि घरात कुणालाच ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटलांनी पाचही गावांत निरोप धाडला. येत्या अमावास्येला, ओहोटी लागली की खाडीच्या वाळूवर यावं. बाई असो, बापई असो, प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्या जमिनीतलं एक ढेकूळ आणावं. चाललंय तसं चालू द्यायचं असेल, तर ते डावीकडे ठेवावं. भट्ट्या विझवून, तिवर लावून, खाडीच्या तोंडाशी पाचही गावांचा एकच बांध घालायचा असेल, तर उजवीकडे. मोठा ढीग म्हणेल तसं होईल.

पाटलांना चिंता नव्हती. बाकीची चारही गावं मिळून होतील, त्याहून मोरखोलची माणसं जास्त होती.

पण मोरखोलमध्ये एक खालची आळी होती. भट्टीवर राबणारी माणसं तिथे राहत, आणि दर उधाणाला त्यांच्या चुली विझत. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरोघरच्या बायकांनाही नाही. त्यांनी आपली ढेकळं मुकाट्याने उजवीकडे नेऊन ठेवली. शेवटी उजवा ढीग डाव्याहून हातभर उंच भरला.

पाटलांचा थोरला मुलगा परशराम त्यांच्या कानाशी लागला. "बाबा, ही आपल्याच भट्टीवरची माणसं. एक शब्द टाका, ढेकळं आपोआप इकडे येतील."

ते खरं होतं. काय चाललंय ते ओळखून खालच्या आळीने माना खाली घातल्या. हिरूलाही ठाऊक होतं की टोकवाडी आता त्या एका शब्दावर उभी आहे.

पाटील सर्वांना ऐकू जाईल असं बोलले, "मोजणी कबूल केली, तेव्हाच हरणंही कबूल केलं होतं." मग त्यांनी डाव्या ढिगातलं आपलं ढेकूळ उचललं, खाडीच्या तोंडाशी नेलं आणि नव्या बांधाच्या जागी पहिलं ठेवलं. मग परशरामही आपलं ढेकूळ घेऊन गेला. त्यांच्यामागून दोन्ही ढिगांची माती गेली.

भट्ट्या विझल्या. भट्टीवरची माणसं आता बांधावर आणि तिवरांच्या लागवडीला लागली, आणि त्यांच्या जेवणाचा भार पाचही गावांनी उचलला. टोकवाडीला प्यायचं पाणी तोवर मोरखोलच्या विहिरीवरून होडीने जाई. सोपं नव्हतं ते. चुना नाही म्हणून पाटलांच्या घराच्या भिंती चार दिवाळ्या पोपडे धरून उभ्या होत्या. मला विचाराल, तर त्या भिंतींइतकं देखणं घर साऱ्या खाडीवर दुसरं नव्हतं.

पाचव्या वर्षी पाटलांना नातू झाला. हिरूने पुन्हा हंडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ओंजळ भरली, चाखली आणि पाणी गिळलं.

"मचूळ आहे अजून," ते म्हणाले.

"दोन पावसाळं थांबा, गोडं व्हईल," हिरू म्हणाली. "टोकवाडी हाय आता थांबायला."

पाटलांनी हंडा स्वतः उचलला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंत नेऊन दिला.

तात्पर्य: संकट सर्वांचं असेल, तर निर्णयही सर्वांनी मिळून घ्यावा, आणि तो आपल्याविरुद्ध गेला तरी जो पाळतो, तोच खरा मोठा.