कोतवालाची चिठ्ठी

रानातल्या पायवाटांनाही वाहतुकीचे नियम होते, तेव्हाची गोष्ट. कोतवाल पक्ष्याने गोगलगायीच्या शंखावर दंडाची चिठ्ठी चिकटवली: भरधाव वेग. तिची शिंगंच आत गेली. "मी? आणि भरधाव?"

तीन दिवसांनी टेकडीवर सुनावणी होती. आपण कशा चालतो ते न्यायाधीशांना चालूनच दाखवायचं, असं तिने ठरवलं. शेजारचा बेडूक म्हणाला, "अगं, वेळेत पोचलीस तर वेग सिद्ध होईल. उशीर झाला तर गैरहजर धरतील."

तरी ती निघाली. पोचली महिन्याने. न्यायाधीश करकोचा म्हणाला, "हिच्यावर वेगाचा आरोप? सोडा हिला."

गोगलगायीने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच शंखावर काहीतरी चिकटलं. कोतवालाची नवी चिठ्ठी होती: महिनाभर वाट अडवली.