मधे गोल हवा

हिंगणवाडीत सटवाजी नावाचा एक इसम राहत असे. भोळा म्हणजे किती? "डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेव" असं कुणी म्हटलं, तर हा डोळे मिटून चालायचा आणि खांबावर आपटायचा. अंगाने गोलमटोल, मनाने सरळ. गावाच्या भांडी भांडारात तो भांडारी होता. लग्न असो, बारसं असो, पातेली, पराती, झारे इथूनच जायचे. नऊ वर्षं झाली तरी नोकरी हंगामीच. बायको कौसाबाई रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "झालात का कायम?" सटवाजी म्हणायचा, "नाही." मग ताटात पडेल ते निमूट खायचं.

आता झालं काय, की भांडारातली भांडी जायची, पण परत येतीलच असं नाही. अध्यक्ष अण्णासाहेब वैतागले. कॉम्प्युटर आणायचं ठरलं आणि पद्धत बसवायला तालुक्याहून सुमेधाताई आल्या.

त्या म्हणाल्या, "आधी डेटा फ्लो डायग्राम काढू. माहिती कुठून येते, कुठे जाते, त्याचा नकाशा. बाहेरची माणसं चौकोनात ठेवायची. आपलं काम गोलात. आणि माहिती जाईल तिकडे बाण. एवढंच."

अण्णा म्हणाले, "सटवाजी, शुक्रवारी माझ्या सुलूचं लग्न आहे. तोवर ही पद्धत शिकलास आणि लग्नाला भांडी बिनबोभाट पोचली, तर तुला कायम केलं समज."

सटवाजी लगेच कामाला लागला. सोमवारी ताईंची एसटी हलायच्या आत त्याने चुन्याची बादली काढली आणि अंगणात चौकोन आखले. पहिले आले दामूअप्पा, परात मागायला.

"अप्पा, तुम्ही बाहेरचे ना?"

"बाहेरचा? अरे, चार पिढ्या याच गावात गेल्या!"

"पण भांडारातले नाही ना? मग चौकोनात उभे राहा."

दुपारपर्यंत अकरा चौकोनांत अकरा माणसं उन्हात उभी. एक म्हातारी दमून खाली बसली, तर सटवाजी म्हणाला, "आजी, पाय आत घ्या. रेषेवर येतोय."

मंगळवारी ताई आल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो सटवाजी, चौकोन कागदावर काढायचे! सगळं कागदावर!"

"चुकलो ताई. आता पक्कं ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. हेच तर दुखणं होतं.

त्याच दुपारी चंद्रभागाबाई आल्या. नातवाचं बारसं, मोठं पातेलं हवं. सटवाजीने कागद घेतला. पातेलं काढलं, दोन कड्या काढल्या, बुडाचा पोचासुद्धा काढला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"हे काय रे?"

"पातेलं. कागदावर."

"मेल्या, यात शंभर माणसांचा भात शिजायचा कसा?"

सटवाजीने कागद परत घेतला. बराच विचार केला. मग पातेल्याखाली जाळ काढून दिला.

बुधवारी ताईंच्या कानावर हे आलं. त्या म्हणाल्या, "अहो, पातेलं कशाला काढलंत? या नकाशात भांडं जात नाही, भांड्याची माहिती जाते!"

"चुकलो ताई. आता पक्कं ध्यानात ठेवतो."

त्या दिवशी भजनी मंडळ आलं. चिठ्ठी दिली, कढई मागितली. सटवाजी हात जोडून म्हणाला, "कढई लोखंडाची आहे. तळ काळा. एक कान हलतो."

"हलू दे. द्या इकडे."

"दिली की."

"कुठंय?"

"कढई जात नाही, माहिती जाते. कमी पडली तर आणखी देतो. कान डावा हलतो."

भजनी मंडळाने त्याला जे ऐकवलं, ते कुठल्याही अभंगात नव्हतं.

गुरुवारी ताई लग्नासाठी मुक्कामालाच आल्या. त्यांचा आवाज बसला होता. "अहो, चिठ्ठी आत आली आणि बाहेर काहीच गेलं नाही? तुमचा गोल म्हणजे काय विहीर आहे? गोलात आत आलं, की त्यातून बाहेर गेलंच पाहिजे!"

"चुकलो ताई. आता पक्कं ध्यानात ठेवतो."

नेमकं त्याच दिवशी अण्णांनी गावात दवंडी दिली, की लग्न जवळ आलंय, ज्याच्या घरी भांडं असेल त्याने आणून द्यावं. आणि काय सांगू, बेचाळीस भांडी परत आली! पुढच्या दाराने आत आली आणि सटवाजीने एकेक मागच्या दाराने बाहेर दिली. मागे हमरस्ता. शेळ्या वळणाऱ्या बाईला घंगाळ मिळालं. एसटीच्या कंडक्टरला दोन झारे मिळाले. घाम पुसत सटवाजीने भांडार झाडूनसुद्धा काढलं.

रिकामं भांडार बघून सुमेधाताई पायरीवरच बसल्या. मग पदर खोचून उठल्या. दिवस मावळेपर्यंत त्यांनी आणि सटवाजीने पळापळ करून बेचाळीसच्या बेचाळीस भांडी परत आणली. झारे द्यायला कंडक्टर जरा कुरकुरला.

धापा टाकत ताई म्हणाल्या, "शेवटचं सांगते. वाटेल त्याला द्यायचं नाही, ज्याचं त्यालाच. प्रत्येक बाणाला नाव हवं. आणि दोन चौकोनांत थेट बाण कधीही नको. लोक परस्पर देतात-घेतात, म्हणून तर सगळं हरवतं. मधे गोल हवाच!"

"गोल म्हणजे कोण, ताई?"

"तुम्ही! तुम्ही गोल!"

"चुकलो ताई. आता पक्कं ध्यानात ठेवतो."

शुक्रवार उजाडला आणि चमत्कार झाला. भांडी वेळेवर पोचली. एक वाटी इकडची तिकडे नाही. आचारी खूश, अण्णा त्याहून खूश. त्यांनी सगळ्यांसमोर सटवाजीची पाठ थोपटली. "संध्याकाळी कायमचा कागद करतो." पंगतीत वाढणाऱ्या कौसाबाईने ते ऐकलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे बघून हसली.

सटवाजी नोंदवही काखेत घेऊन मांडवात पुढेच उभा राहिला. मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाटाच्या अलीकडे सुलू, पलीकडे नवरामुलगा, दोघंही आपापल्या पाटावर. सटवाजीने पाटांकडे बघितलं. पाट चौकोनी होते.

"शुभमंगल सावधान!" भटजींनी अंतरपाट काढला. सुलूने खाली मान घालून हार पुढे केला. सरळ नवऱ्यामुलाकडे.

एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात! थेट!

सटवाजीच्या डोळ्यांपुढे नऊ वर्षांची नोकरी आली. त्याने धाव घेतली आणि दोन पाटांच्या मधे जाऊन उभा राहिला. सुलूची मान खालीच होती. तिने त्याच्या गळ्यात हार घातला.

सटवाजी ओरडला, "हार! वधूकडून!"

नवऱ्यामुलाचे हात पुढे आलेलेच होते. त्याचाही हार सटवाजीच्या गळ्यात पडला.

"हार! वराकडून!"

आत आलं ते बाहेर गेलंच पाहिजे. वाटेल त्याला नाही, ज्याचं त्यालाच. सटवाजीने वधूचा हार काढून नवऱ्यामुलाच्या गळ्यात घातला. मग वराचा हार काढला आणि नीट जपून, केसांत अडकू न देता, सुलूच्या गळ्यात घातला. बँडवाल्यांना एवढंच ठाऊक होतं, की हार पडला की वाजवायचं. त्यांनी वाजवलं. मागच्या लोकांनी अक्षता टाकल्या.

मग बँड थांबला.

सुमेधाताई पहिल्या रांगेत होत्या. त्या पुटपुटल्या, "नकाशा मात्र बिनचूक आहे."

सटवाजीचा चेहरा फुलला. "अण्णा, मग झालो ना मी कायम?"

भटजींनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, "कायमचं मला ठाऊक नाही. जावई मात्र झालात."

त्या कायमच्या कागदाचा विषय अण्णांनी पुन्हा कधी काढला नाही. पण ते नंतरचं. आत्ता गर्दीतून वाट काढत कौसाबाई येत होती, वाढणं अर्धवट टाकून आलेली, हातात भाताचा झारा तसाच.

"त्या पोरीला हार घातलात," ती म्हणाली, "आणि तुमच्या या नकाशात मी कुठं हाय?"

सटवाजीने नोंदवही उघडली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट बघितली.

"तू भांडारातली नाहीस. म्हणजे बाहेरची," तो म्हणाला. "चौकोनात उभी राहा."

त्या दिवशी भांडारातलं एकच भांडं नोंद न होता हललं. तो झारा. कौसाबाईकडून निघाला आणि थेट सटवाजीच्या पाठीवर पोचला. मधे गोल कुणीच नव्हता.