लायका की काँटॅक्स

“मग मास्तर, यातला कोणता?” असं मी विचारलं, की “यातला चांगला कोणता?” … आता खात्रीने सांगवत नाही. वर्ष एकोणऐंशी असावं. की अठ्ठ्याहत्तर? जन्मभर अचूक मोजमापं शिकवली, आणि हे एक धड आठवत नाही.

पण टेबलावरचे दोन कॅमेरे अजून दिसतात. एक लायका, एक काँटॅक्स. दोन्ही जर्मन, महायुद्धाच्या आधीचे.

नगरला उमापमास्तरांची ओसरी. मास्तर मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवत. फोटो धुवायला मी त्यांच्याकडेच शिकलो. निवृत्तीनंतर ते घरी जुने कॅमेरे दुरुस्त करत.

यातला एक मला घ्यायचा होता. उरलेला न्यायला दुसऱ्या दिवशी औरंगाबादचे एक गृहस्थ येणार होते. एकाची भिंगं दुसऱ्याला बसत नाहीत. म्हणजे एकदा निवडलं की कायमचं.

सोबत अण्णा होते, माझे वडील. पूर्वी पारनेरला पोस्टमास्तर होते. वय ब्याऐंशी, आणि घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. आईने तेवढं एक मागितलं होतं. कॅमेरा ठरला की पहिला फोटो अण्णांचा, असं मी दोन वर्षं सांगत होतो.

दोन वर्षं कॅमेरा ठरत नव्हता.

मास्तरांनी त्यांना अंगणात खुर्ची दिली, आणि मी बोलत सुटलो. काँटॅक्सच्या शटरचा पडदा धातूचा, लायकाचा कापडी. काँटॅक्सला बघायची एकच खिडकी, लायकाला दोन, पण हातात लायकाच हलका. भिंगं उजेडाकडे धरून तपासली, वहीतले तक्ते दाखवले. मास्तर ऐकत राहिले.

“संपलं?”

“नाही… म्हणजे हो.”

त्यांनी दोन्हींत एकेक रोल भरला. “काढून बघ.”

या कॅमेऱ्यांत भिंगातून बघायचं नसतं. वरच्या लहान खिडकीतून बघायचं. समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचं कडं फिरवत त्या एकीवर एक आणल्या, की अंतर जुळलं.

खिडकीतून मी अण्णांच्या चष्म्याची कड धरली. दोन कडा सरकत सरकत एक झाल्या, आणि अंगावर काटा आला. लगेच दुसरा कॅमेरा उचलला. यात जास्त ठसठशीत. मग परत पहिला. नाही, हाच. दर फोटोनंतर मान खाली घालून फिल्म पुढे सरकवायची, वहीत टिपायचं, तोंडाने मास्तरांना सांगत राहायचं. अण्णांना हनुवटी वर म्हटलं की ते वर करत. डावीकडे म्हटलं की डावीकडे. तासभर त्यांनी हूं की चूं केलं नाही.

दोन्ही रोल संपले. आता धुऊन बघू, मग ठरवू, असं मी म्हणालो.

“धुवायचं कशाला?” मास्तर म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या भिंगावरचं काळं झाकण काढलं. मग टेबलावरच्या कॅमेऱ्याचं. दोन्ही झाकणं माझ्या तळहातावर ठेवली.

भिंगं तपासून झाल्यावर धुळीच्या धास्तीने मीच ती परत लावली होती. खिडकी वेगळी, त्यामुळे मला सगळं लख्ख दिसत होतं. बहात्तर फोटो. एकातही काही उतरलेलं नाही.

आणि मी प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस.

“अण्णा, तुम्हाला तर समोर दिसत होतं.”

अण्णा खाकरले. “तू उजेडाचा डॉक्टर. म्हटलं, नवी पद्धत असेल.”

मास्तर हसले. मग मलाही हसू आवरेना.

मास्तरांनी आतून आणखी एक रोल आणला. “शेवटचा आहे. कशात घालू?”

मी वहीकडे हात नेला.

“वही राहू दे. डोळे मीट… अण्णांच्या चष्म्याला काय झालंय?”

“डावी काडी मोडलीय. काळ्या दोऱ्याने बांधलीय.”

“कधी कळलं?”

“आत्ताच.”

“कशातून?”

खरंच सांगता येईना. लायकातून की काँटॅक्समधून?

डोळे उघडले आणि जो हाताशी होता तो उचलला. तो काँटॅक्स निघाला. अण्णांचा तो फोटो पारनेरच्या घरात आहे. चष्म्याची कड रेखीव आहे, नाक किंचित अस्पष्ट आहे.

पुढे दोन वर्षांनी अण्णा गेले. नंतर मास्तरही गेले.

बऱ्याच वर्षांनी मास्तरांची मुलगी सुवार्ता पुण्यात भेटली. त्या सकाळी ती दारातच बसली होती. मी सांगतो ते असंच घडलं का, म्हणून तिला मुद्दाम विचारलं. असंच घडलं, म्हणाली. फक्त एक गोष्ट मी पाहिलेली नव्हती. पहिल्याच फोटोनंतर मास्तर मला झाकणाचं सांगायला उठले होते. मी मान खाली घालून फिल्म सरकवत होतो. तेवढ्यात अण्णांनी खुर्चीतूनच ओठांवर बोट ठेवलं, आणि मास्तर खाली बसले.

त्या दिवशी आम्ही निघाल्यावर तिने वडिलांना विचारलं होतं, दोन रोल वाया का जाऊ दिलेत?

“अगं,” मास्तर म्हणाले होते, “अण्णा फोटोला बसलेच नव्हते. पोरगा बघतोय म्हणून बसले होते.”